ई-चलान : दंड भरायचा की दाद मागायची?

वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून गाडी कडेला घ्यायला लावायची, कागदपत्रे पाहायची, थोडी हुज्जत व्हायची आणि अखेर पावती फाडून प्रकरण मिटायचे, ही पद्धत आता बहुतांशी इतिहासजमा झाली आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या पुष्पराज चौकात आपण नियम मोडला, हे वाहनधारकाला त्या क्षणी कळेलच असे नाही. ते कळते काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, मोबाइलवर आलेल्या दोन ओळींच्या संदेशातून. २०१९ पासून ई-चलान यंत्रणा राज्यभर पसरली आणि पावतीपुस्तक मागे पडले. रस्त्यावरची हुज्जत कमी झाली, चिरीमिरीलाही बराच आळा बसला, हे मान्यच करायला हवे. मात्र हुज्जतीबरोबर आणखी एक गोष्ट हरवली. ती म्हणजे 'हे मी केलेले नाही' असे समोरच्या माणसाला जागीच सांगण्याची सोय.

कायद्याने ही सोय काढून घेतलेली नाही. ती न्यायालयात शाबूत आहे. चलान मान्य नसेल तर पैसे न भरता प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आपली बाजू मांडण्याचा अधिकार प्रत्येक वाहनधारकाला आहे. प्रत्यक्षात या अधिकाराच्या वाटेला जाणारे विरळाच. बहुतेक जण एकतर निमूटपणे पैसे भरतात, नाहीतर चलानाकडे सरळ दुर्लक्ष करून लोकअदालतीची वाट पाहतात. टाळणारा आणि खरोखरच निर्दोष असलेला असे दोघेही मग एकाच थकबाकीच्या यादीत दिसू लागतात. यंत्रणेचे खरे दुखणे इथे आहे.

या गोंधळाचे एक कारण शब्दांत आहे. ई-चलानावर छापलेल्या रकमेला सगळे 'दंड' म्हणतात. पण तो न्यायालयाने ठोठावलेला दंड नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार काही ठरावीक गुन्हे खटला न भरता तडजोडीने मिटवता येतात आणि त्यासाठी राज्य शासन रक्कम ठरवून देते. चलानावर असते ती ही तडजोडीची रक्कम. ती भरणे म्हणजे गुन्हा मान्य करून खटला टाळणे. तडजोडीला दोन पक्ष लागतात, हे ओघानेच आले. एका पक्षाला ती मान्य नसेल तर पोलिसांनी खटला दाखल करावा आणि न्यायालयाने निर्णय द्यावा, हा कायद्याचा सरळ मार्ग आहे. पोलिसांनी चलान पाठवले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, अशी समजूत कितीही रूढ असली तरी तिला आधार नाही.

अर्थात न्यायालयात जाण्यात जोखीमही आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा कित्येक पटींनी वाढवल्या. महाराष्ट्राने सुरुवातीला ही वाढ रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तडजोडीचे नवे दर लागू केले. हेल्मेट नसल्याबद्दल राज्यात तडजोडीची रक्कम ५०० रुपये ठरली; कायद्याच्या कलम १९४-ड मध्ये मात्र याच गुन्ह्याला १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी शिक्षा आहे. म्हणजे ज्याने खरोखरच हेल्मेट घातले नव्हते त्याने तत्त्वासाठी न्यायालयाची पायरी चढली, तर पाचशेच्या जागी हजार मोजून परत येण्याची शक्यता अधिक. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर कलम १८३ खाली एक ते दोन हजार, मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. शिवाय सगळेच गुन्हे तडजोडीचे नाहीत. मद्यप्राशन करून वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात तडजोड नाही. ते प्रकरण न्यायालयातच जाते. कलम १८४ खालील धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यांपैकी हातात मोबाइल धरून गाडी चालवणे तेवढे तडजोडीत बसते. लाल दिवा ओलांडणे हेही २०१९ च्या दुरुस्तीने याच कलमात आले. पण त्याला तडजोडीची मुभा नाही. त्यामुळे चलानावर कोणते कलम लावले आहे, हे रकमेच्याही आधी वाचायला हवे. तोच लाल दिवा कलम १७७ खाली दाखवला तर पहिल्या वेळी दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये असते. कलम १८४ खाली दाखवला तर गोष्ट कैदेपर्यंत जाऊ शकते.

चौदा दिवसांची तरतूद

या कायद्यात वाहनचालकाच्या बाजूने असलेल्या काही तरतुदी इतक्या जुन्या आणि इतक्या स्पष्ट आहेत की त्यांचा वापर होत नाही याचेच नवल वाटावे. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे कलम २०९. वेगमर्यादा ओलांडणे किंवा धोकादायक रीतीने वाहन चालवणे या आरोपांवर कोणालाही दोषी ठरवायचे असेल, तर तीनपैकी एक गोष्ट घडलेली असली पाहिजे : गुन्हा घडला त्याच वेळी चालकाला खटल्याची पूर्वसूचना दिलेली असावी; किंवा १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी; किंवा २८ दिवसांच्या आत न्यायालयाचे समन्स बजावलेले असावे. ब्रिटनमध्येही वेगाच्या खटल्यासाठी १४ दिवसांच्या नोटिशीचा असाच नियम आहे आणि तिथे नोटीस उशिरा आली, या एका मुद्द्यावर खटले कोसळतात. तिथल्या मोटारचालकांना हा नियम तोंडपाठ असतो. आपल्याकडे तो कायद्याच्या पुस्तकात झोपून आहे.

या नियमामागचा विचार साधा आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता खंबाटकी घाटात आपली गाडी किती वेगाने चालली होती, हे कोणालाही आठवणार नाही. त्या दिवशी गाडी कोण चालवत होते, बरोबर कोण होते, पुढे ट्रक होता की रस्ता मोकळा होता, हे चौदा दिवसांच्या आत विचारले तर निदान उत्तर देता येते. बचाव करायचा तर आठवण ताजी हवी, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

इथे एक पोटकलमही लक्षात ठेवावे लागेल. मालकाचे नाव-पत्ता वाजवी प्रयत्न करूनही वेळेत मिळू शकला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोहोचली नाही, असे न्यायालयाला पटले तर ही सवलत मिळत नाही. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे हे कलम ४९ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. साताऱ्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवून दहा वर्षे झाली आणि नोंदणी पुस्तिकेवर मात्र अजून सदरबझारचा पत्ता आहे, अशा मालकाला नोटीस न मिळाल्याची तक्रार फारशी पुढे रेटता येणार नाही. गाडीच्या नोंदीत भावाचा, एजंटाचा किंवा विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक असेल तर संदेश त्याच्याकडे जातो, हेही अनेकांना चलान साचल्यावर उमगते.

दुसरी तरतूद कलम १८३ मध्येच आहे. केवळ एका साक्षीदाराला गाडी वेगात वाटली एवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्याचे मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. ओघानेच प्रश्न उपकरणाचा येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला आणि कॅमेऱ्यांच्या कारभाराला प्रथमच चौकट मिळाली. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावर लावायचा कॅमेरा, गाडीतील डॅशबोर्ड कॅमेरा, क्रमांक टिपणारी यंत्रणा अशी उपकरणे या नियमात सांगितली आहेत. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. जिथे कॅमेरा आहे तिथे तसा फलक ठळकपणे लावायला हवा. चलानाबरोबर गुन्हा आणि वाहनाचा क्रमांक स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, उपकरणाने घेतलेले मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, लागू होणारे कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची आहे.

कायदा चौदा दिवस म्हणतो आणि नियम पंधरा. हा एका दिवसाचा फरक मसुदा लिहिणाऱ्यांच्या नजरेतून कसा सुटला, हे त्यांनाच ठाऊक. कायदा आणि नियम यांत विसंगती आली तर कायदा वरचढ ठरतो, हे तत्त्व मात्र जुनेच आहे.

याच नियमाच्या परिशिष्टात देशातील १३२ शहरांची यादी आहे. महामार्गांच्या धोकादायक पट्ट्यांबरोबरच या शहरांतील मुख्य चौकांत कॅमेरे बसवावेत, असे राज्यांना सांगण्यात आले. महाराष्ट्रातील शहरांत सांगलीचे नाव आहे, साताऱ्याचे नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. दहा लाखांचा निकष तिला लागू होत नाही, तरी नाव आहे. हवेच्या प्रदूषणावरील राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीतही सांगली आहेच. साताऱ्याचे नाव यादीत नसले तरी पुणे-बंगळूरु महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक चार आणि आताचा ४८, जिल्ह्याला उभा छेदून जातो. या महामार्गावरील इंटरसेप्टर वाहनाने टिपलेल्या वेगालाही नियमातील प्रमाणपत्राची आणि मोजमापाची अट चुकत नाही.

पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेली छायाचित्रे हा याच मालिकेतील वादाचा विषय. वैयक्तिक मोबाइल हे नियमात सांगितलेले उपकरण नव्हे. चौकात उभा असलेला कर्मचारी खिशातला फोन काढून जाणाऱ्या गाडीचा फोटो टिपतो आणि सवडीने चलान करतो, ही तक्रार राज्यात सर्वत्र होती. जुलै २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने वैयक्तिक मोबाइलचा असा वापर थांबवण्याचे निर्देश दिले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या जाचाविरोधात राज्यव्यापी संप पुकारला होता. त्यानंतर सरकारला समिती नेमावी लागली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी असताना त्यांचा निचरा रस्त्यावरच्या आंदोलनातून व्हावा आणि न्यायालयातून होऊ नये, हे चित्र काही चांगले नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा आग्रह ही केवळ वकिली हुशारी नव्हे. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल महाराष्ट्रातूनच गेला आहे. जालन्यातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते. त्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. आमदारकीच्या खटल्यात जो निकष लागतो तोच पाचशे रुपयांच्या खटल्यातही लागतो. ई-चलानाच्या छायाचित्राला त्यातून सूट देणारी तरतूद कायद्यात नाही.

'स्थानिक' म्हणजे कोणाच्या गावचे?

इतकी संरक्षणे असूनही लोक न्यायालयात जात नाहीत, याचे कारण कायद्यात नसून व्यवहारात आहे. फौजदारी खटला गुन्हा जिथे घडला तिथल्या न्यायालयात चालतो. त्यामुळे चलानाबाबत 'स्थानिक न्यायालय' म्हणजे रस्त्याच्या गावचे न्यायालय, वाहनधारकाच्या गावचे नव्हे. साताऱ्यातल्या दुचाकीस्वाराला साताऱ्यातच चलान झाले तर गोष्ट सोपी. पण मिरजेच्या टेम्पोचालकाला कराडच्या हद्दीत चलान झाले तर तारखेला कराडला जाणे आले. पेठ नाक्याजवळ झाले तर ईश्वरपूर, म्हणजे पूर्वीचे इस्लामपूर. आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाल्यापासून सांगलीची द्राक्षे, बेदाणा, हळद घेऊन वाशीच्या बाजारात जाणाऱ्या ट्रकवाल्यांना जी चलाने येतात, त्यांचे न्यायालय वडगाव मावळ किंवा खालापूरच्या बाजूला. दोन हजार रुपयांच्या वादासाठी सांगलीहून खालापूरला दोन तारखांना जायचे ठरवले, तर डिझेल, टोल आणि बुडालेले भाडे धरून दंडाची रक्कम केव्हाच मागे पडते. वकील दिला तर त्याची फी वेगळी. अशा हिशेबात निर्दोष माणूसही पैसे भरून मोकळा होतो आणि त्याला दोष देता येत नाही.

वकील देणे बंधनकारक नाही, हे मात्र सांगायला हवे. असे खटले संक्षिप्त पद्धतीने चालतात. न्यायदंडाधिकारी आरोपाचा तपशील वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल केले तर दंड भरून प्रकरण तिथेच संपते आणि मग दोषी ठरवल्याविरुद्ध अपील करता येत नाही. फार तर शिक्षा जास्त किंवा बेकायदा असल्याचा मुद्दा मांडता येतो. नाकबूल केले तर सरकार पक्षाला साक्षीदार आणावा लागतो, आरोपीला त्याची उलटतपासणी घेता येते, उपकरणाचे प्रमाणपत्र, नोटिशीची तारीख, मूळ छायाचित्र यांची मागणी करता येते. गर्दीच्या दालनात, काळ्या कोटांच्या घोळक्यात उभे राहून 'नाकबूल' हा एक शब्द उच्चारायला सामान्य माणूस कचरतो, ही गोष्ट वेगळी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. वाहतुकीच्या खटल्यासाठी कोणी ही मदत मागितल्याचे क्वचितच ऐकू येते.

कबूलच करायचे असेल तर घरबसल्या करण्याची वाट कायद्याने पूर्वीपासून ठेवली आहे. कलम २०८ नुसार समन्सवर दिलेल्या तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून दंडाची रक्कम मनिऑर्डरने पाठवता येते. मनिऑर्डरचा जमाना सरला तरी कायद्याच्या मजकुरात ती आहेच. तिचा आधुनिक अवतार म्हणजे आभासी न्यायालय. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतुकीच्या प्रकरणांसाठी असे न्यायालय सुरू झाले. पण आभासी न्यायालयात दंड भरणे ऑनलाइन होते. आरोप नाकारला की प्रकरण पुन्हा त्या त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयात जाते. म्हणजे कबुलीला संगणकाचा वेग मिळाला आणि इन्कार मात्र अजून एसटीनेच प्रवास करतो. ऑनलाइन सुनावणीची सोय सर्वाधिक उपयोगी पडली असती ती नेमकी इथे, सांगलीच्या माणसाला खालापूरच्या न्यायालयात.

लोकअदालतीची वाट

न्यायालय दूर आणि पूर्ण रक्कम जड, अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी लोकअदालत हा मधला मार्ग निघाला. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी हजारो वाहनधारकांना मोबाइलवर सूचना जाऊ लागल्या, सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांच्या आवारात रांगा लागू लागल्या. रकमेत सवलत मिळते, ही बातमी तोंडोतोंडी पसरली. शेजारच्या कर्नाटकाने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलानांवर सरळ ५० टक्के सूट जाहीर केली आणि थोड्या दिवसांत शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. महसुलाच्या दृष्टीने हा प्रयोग यशस्वीच म्हणायचा.

पण लोकअदालत हे खटला चालवणारे न्यायालय नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार तिथे केवळ समेट होतो. साक्षी-पुरावे होत नाहीत आणि झालेल्या निवाड्यावर अपीलही नाही. चलान चुकीचे आहे, क्रमांक माझा पण गाडी माझी नाही, असे म्हणणाऱ्याला लोकअदालत निर्दोष ठरवू शकत नाही. ती त्याला निम्म्या किमतीत दोषी होण्याची संधी देते. समेट झाला नाही तर प्रकरण जिथून आले तिथे परत जाते. दुसरीकडे, खरोखर नियम मोडणारा माणूस यातून एकच धडा घेतो : वेळेवर भरू नका, थांबा, सूट मिळेल. ज्याने पहिल्याच आठवड्यात पूर्ण रक्कम भरली तो यात मूर्ख ठरतो.

थांबण्याला आणखी एक कायदेशीर बाजू आहे आणि ती शासनाला अडचणीची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ नुसार, ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेची असेल तर ही मुदत एक वर्षाची. न्यायाच्या हितासाठी किंवा विलंबाचे समाधानकारक कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते. पण हजारो चलाने कपाटात, खरे म्हणजे संगणकात, पडून राहिली हे प्रत्येक वेळी समाधानकारक कारण ठरेल असे नाही. हेल्मेट, सीटबेल्ट, चुकीचे पार्किंग ही सगळी केवळ दंडाची प्रकरणे. ज्यांवर मुदतीत खटलाच दाखल झाला नाही अशी जुनी चलाने संकेतस्थळावर थकबाकी म्हणून दिसत राहतात, नाक्यावर गाडी अडवल्यावर दाखवली जातात. कलम २०७ मध्ये वाहन अडकवून ठेवण्याची कारणे दिली आहेत : नोंदणी नसणे, परवाना नसणे, परमिट नसणे अशी. जुने चलान थकले हे त्या कारणांत नाही. तरीही नाक्यावर उभे राहून कलम २०७ वर चर्चा करण्याची हिंमत आणि सवड किती ट्रकचालकांकडे असते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमदुरुस्तीच्या मसुद्याने वेगळी दिशा धरली. चलान मिळाल्यापासून ४५ दिवसांत पैसे भरा किंवा हरकत नोंदवा. दोन्ही केले नाही तर चलान मान्य आहे असे समजले जाईल, असे त्याचे सूत्र. हरकतीला ठरलेला मार्ग आणि ठरलेली मुदत मिळणे स्वागतार्हच आहे. परंतु गप्प राहणे म्हणजे कबुली, हे सूत्र फौजदारी कायद्याच्या मुळावर येणारे आहे. तिथे सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. संदेश पोहोचलाच नाही, क्रमांक जुना होता, अशा माणसाचे मौनही मग कबुली ठरण्याचा धोका आहे. हरकतीवर निर्णय देणारा अधिकारी चलान करणाऱ्याच खात्याचा असणे हेही पुरेसे नाही.

हरकत घेण्याजोगी प्रकरणे कोणती, हे पाहिले तर त्यांत ठरावीक नमुने दिसतात. गाडी विकली, पण नाव बदलले नाही, हा सर्वांत मोठा वर्ग. विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवले पाहिजे, असे कलम ५० सांगते. स्टँप पेपरवर सही घेतली, चावी दिली, विषय संपला, असे समजणाऱ्याच्या नावावर चलाने येत राहतात. इतकेच नव्हे तर त्या गाडीने अपघात केला तर भरपाईच्या खटल्यातही कागदोपत्री मालकालाच जबाबदार धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. इथे सहानुभूती वाटली तरी कायदा बाजूने नाही. दुसरा वर्ग बनावट किंवा चुकीने वाचलेल्या क्रमांकाचा. यात छायाचित्रच वाहनधारकाचा उत्तम साक्षीदार असते : चलान स्कूटरचे आणि फोटोत मोटारसायकल, किंवा क्रमांकपट्टीवरचा आठ आणि तीन यांतला घोळ. अशा वेळी आधी चलानाच्या संकेतस्थळावरील तक्रार विभागात फोटोसह हरकत नोंदवावी, वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ही पोच पुढे न्यायालयात उपयोगी पडते. बनावट पट्टीचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावीच, कारण उद्या तीच पट्टी गंभीर गुन्ह्यात सापडू शकते. तिसरा वर्ग गाडी दुसऱ्याने चालवल्याचा. कलम १३३ नुसार चालक कोण होता ही माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे. ती देऊन मालक मोकळा होऊ शकतो, 'माहीत नाही' म्हणून होत नाही.

चौथा वर्ग चलानच नसलेल्या चलानांचा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपले ई-चलान' म्हणून एखादी फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा भामट्यांकडे जातो आणि बँक खाते रिकामे होते. खरे चलान शासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते. त्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतील १५ हजारांवर महाराष्ट्रातली होती. वेग आणि हेल्मेट यांवरची कारवाई हा पोलिसांचा छंद नव्हे. पण ज्या कारवाईचा धाक बसायला हवा ती निवडक आहे. गळीत हंगामात कराड, वाळवा, पलूस भागातील रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रात्रभर धावतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, परावर्तक नसतो आणि अनेकदा क्रमांकही दिसत नाही. क्रमांक दिसत नाही म्हणून कॅमेरा काही टिपत नाही. त्याच रस्त्यावर स्पष्ट क्रमांकाची दुचाकी मात्र हमखास टिपली जाते. जो नियम पाळून पट्टी लावतो तोच सापडतो, ही भावना वाहनधारकांत मूळ धरत असेल तर तिचे खापर केवळ त्यांच्या मानसिकतेवर फोडून चालणार नाही.

पोलिसांनीही न्यायालयाकडे अडथळा म्हणून पाहण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र असलेले उपकरण, वेळेत गेलेली नोटीस आणि स्पष्ट छायाचित्र असेल तर असा खटला अर्ध्या तासात निकाली निघू शकतो आणि शिक्षाही होऊ शकते. नसेल तर ते चलान पाठवायलाच नको होते. चौदा दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाऐवजी मोबाइल संदेशाने दिली तर ती कलम २०९ ला पुरेशी आहे काय, नियम १६७-अ मधील प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर चलान टिकते काय, सहा महिने उलटलेली चलाने थकबाकी म्हणून दाखवता येतात काय, हे प्रश्न एका सातारकराचे किंवा सांगलीकराचे नाहीत. दंडाची रक्कम दोनशे रुपयांहून अधिक असेल तर संक्षिप्त खटल्यातील निकालावर सत्र न्यायालयात अपील करता येते आणि तिथून पुढे उच्च न्यायालय. तिथल्या निर्णयाने राज्यातील प्रत्येक न्यायदंडाधिकारी बांधला जातो. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सांगलीहून ते तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.